घरगुती सीएनसी राउटर: कमी खर्चात फ्रेम कशाची करू?

नवशिक्या_सुतार:
प्लायवूड आणि एमडीएफ कापायला घरीच सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमावर चालणारं कापयंत्र) जोडायचाय. ६०० × ६०० मिमी जागा, १८ मिमीपर्यंत जाडी. कामं म्हणजे नावाच्या पाट्या, खोके. ट्रिम राउटर (हातात धरून चालवायचं छोटं कापयंत्र) घरात आहे, तोच बसवेन. तयार मशीनच्या चौथाई किमतीत बसवायचंय, त्यावर दमडीही नाही. फ्रेम प्लायची चालेल? राउटर सरकवणारा आटेदार स्क्रू साधा टी८ घेऊ की १६०५ बॉलस्क्रू (नटात गोळ्या असलेला)?

लोखंडी_हात:
बॉलस्क्रू. विषय संपला. सोबत सरकायला एचजीआर २० पोलादी रेल, नेमा २३ मापाची मोटर आणि बिट (कापणारं पातं) फिरवायला पाण्यावर थंड होणारा स्पिंडल. माझं असंच आहे, सागात बिट लोण्यात सुरी गेल्यासारखा जातो.

नवशिक्या_सुतार:
बजेट वाचलंत का दादा?

लोखंडी_हात:
वाचलं. मग थांबा, पैसे साठवा. स्वस्तात केलं की दोनदा करावं लागतं.

बेल्टवाला:
बॉलस्क्रू कशाला? एमपीसीएनसी (घरी जोडायच्या राउटरचा आराखडा) बघा. नळ्या, थ्रीडी प्रिंटचे कोपरे आणि स्क्रूऐवजी जीटी२ दातेरी बेल्ट. माझं मस्त चालतंय.

भुसा_सम्राट:
प्रिंटर काय सगळ्यांकडे असतो का राव? आणि बेल्ट ताणतो. गोल कापायला गेलं की बटाटा निघतो.

बेल्टवाला:
ताण नीट दिला नसेल. माझे गोल गोलच येतात.

हिशेबनीस:
धागा भरकटतोय. टी८ मधला ८ हा व्यास, लीड (एका फेऱ्यात किती सरकतो ते) २, ४ किंवा ८ मिमी मिळते. मागवताना बघून घ्या. एक्स-वायला (आडव्या-उभ्या सरकण्याला) ८ ची लीड, बॅकलॅश म्हणजे आट्यांतला खेळ काढणाऱ्या स्प्रिंगच्या नटासकट. मोटरच्या एका फेऱ्यात २०० स्टेप, प्रत्येकीचे १६ तुकडे (मायक्रोस्टेप): २०० × १६ ÷ ८ = ४०० स्टेप प्रति मिमी. १६०५ ला (लीड ५) तेच ६४०. ऊनो बोर्डावरचं जीआरबीएल (मोटरांना हुकूम देणारं सॉफ्टवेअर) सेकंदाला साधारण ३०,००० पल्स देतं, एका स्टेपला एक, म्हणजे १६०५ वर मिनिटाला २८०० मिमीच्या आसपास अडकाल. पाट्यांना तेवढंही लागत नाही.
झेडला (वर-खाली) मात्र २ ची लीडच. ८ ची लावलीत तर वीज जाताच राउटर स्वतःच्या वजनाने खाली येतो, बिट फळीत रुतलेला.

भुसा_सम्राट:
झेडचं +१. आणि मोटरची वायर वीज चालू असताना कधीही काढू नका, ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) जातो. माझा ए४९८८ असाच गेला. दुकानदाराने हात वर केले, म्हणे वॉरंटी नाही.

लोखंडी_हात:
म्हणून म्हणतो टीबी६६०० ड्रायव्हर घ्या.

हिशेबनीस:
ट्रिम राउटरचा वेग कमी-जास्त होतो का?

नवशिक्या_सुतार:
नाही. एकच, मिनिटाला ३०,००० फेरे.

हिशेबनीस:
मग एका धारेचा बिट. ३०,००० फेरे × १ धार × दर धारेला ०.०५ मिमी = १५०० मिमी प्रति मिनिट, हे तुमच्या मशीनला जमेल. दोन धारांचा लावून हळू चालवलात तर लाकूड कापलं न जाता घासलं जातं. कडा काळी, धूर, आणि बिटची धार गेली. एका फेरीत दीड-दोन मिमीच खोल जा.
फ्रेम प्लायची चालेल, पण गँट्री (राउटर धरणारा आडवा पूल) एकेरी फळीची नको. आत आडव्या पट्ट्या घालून बंद पेटी करा, तरच पीळ पडणार नाही. सगळीकडून वॉर्निश, नाहीतर दमट हवेत काटकोन बिघडतात.

भुसा_सम्राट:
आणि व्हॅक्यूम! एमडीएफची धूळ छातीत जाते, मास्क लावाच. नळीला अर्थिंग द्या. माझ्याकडे नळीतल्या स्थिर विजेने यूएसबी तुटायची, काम अर्ध्यात बंद.

नवशिक्या_सुतार:
सर्वांचे आभार. ठरलं: प्लायची फ्रेम, पेटीची गँट्री, टी८, झेडला २ ची लीड. रेलऐवजी ड्रॉवरचे टेलिस्कोपिक चॅनल, घरात पडलेत.

हिशेबनीस:
चॅनलला बाजूने खेळ असतो. भुसा गोळ्यांत शिरला की अडकतात. निदान एक्सला तरी रेल घ्या.

लोखंडी_हात:
ड्रॉवरचे चॅनल?! बॉलस्क्रू घ्या.

नवशिक्या_सुतार:
चॅनल फुकट आहेत. खेळ निघाला तर तेवढेच बदलेन, भोकं रेलच्या मापानेच पाडतोय.

बेल्टवाला:
बेल्टचा विचार केलात का पण?