द्राक्षवेलीच्या शेंड्याची पाने पिवळी पडत आहेत, काय करावे?

अथणीचा_बागायतदार: अथणी तालुक्यात चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत माझी एक एकर थॉमसन सीडलेसची बाग आहे. फळछाटणीनंतर फुटव्यांची शेंड्याकडील पाने पिवळी पडत असून शिरा मात्र हिरव्या आहेत. सखल ओळींत हे अधिक दिसते. फुलोरा अद्याप यायचा आहे. दोन हजार रुपयांच्या आत कोणता उपाय करावा?

निपाणीकर_तात्या: ही मॅग्नेशियमची कमतरता आहे. माझा तंबाखू असाच पिवळा पडला असता मॅग्नेशियम सल्फेटने सावरला. आपणही निःशंकपणे वापरावे.

तेलसंग_बेदाणा: तात्या, तंबाखूचा न्याय द्राक्षाला कशाला लावता? मॅग्नेशियम वेलीत जुन्या पानांकडून नव्या पानांकडे सरकते, त्यामुळे त्याची कमतरता आधी बुडाच्या पानांवर दिसते. लोह तसे सरकत नाही, म्हणून शेंडा पिवळा पडतो. चुनखडीच्या जमिनीत ईडीटीए चिलेट (लोहाला धरून ठेवून ते मुळांना घेता येईल असे ठेवणारे संयुग) टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचे चिलेटच द्यावे. ते महाग आहे हे खरे, परंतु माझ्या बेदाण्याला सांगलीच्या सौद्यात जो भाव मिळाला, त्यापुढे हा खर्च किरकोळ ठरला.

चिकोडीचा_माळी: देठ परीक्षण (पानाच्या देठातील अन्नद्रव्यांची तपासणी) केल्याशिवाय एक रुपयाही खर्चू नये. पूर्ण फुलोऱ्यात घडासमोरील पानाचे देठ घेऊन प्रयोगशाळेत द्यावेत. आमच्याकडील एका दुकानदाराने लक्षणे न पाहताच पोटॅशची पोती माथी मारली. पोटॅश अती झाले की मॅग्नेशियमचे शोषण घटते, हे त्याने सांगितले नाही.

निपाणीकर_तात्या: म्हणजे मॅग्नेशियमच! मी तेच म्हणत होतो.

रायबाग_पाटील: सखल ओळींतच पिवळेपणा असेल, तर जमिनीत लोह कमी असेलच असे नाही. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचले की बायकार्बोनेट वाढते, मुळांना हवा मिळत नाही आणि असलेले लोहही वेलीला घेता येत नाही. ठिबकचा वेळ कमी करून निचऱ्यासाठी चर काढावेत.

अथणीचा_बागायतदार: सर्वांचा आभारी आहे. चिलेट परवडत नाही, देठ परीक्षणासाठी फुलोऱ्यापर्यंत थांबण्याची तयारी नाही, आणि उभ्या बागेत चर काढायला मजूर मिळत नाहीत. त्यामुळे फेरस सल्फेटमध्ये (लोहाच्या क्षारात) थोडे सायट्रिक आम्ल मिसळून फवारण्याचे ठरवले आहे.

तेलसंग_बेदाणा: हा उपाय आमच्यापैकी कोणीच सुचवला नव्हता. फवारणारच असाल तर लिटरला दोन ग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नका आणि उन्हात फवारू नका, पाने करपतात. त्यानंतर फुटणारी पाने पुन्हा पिवळी निघतील, तेव्हा पाटलांचे म्हणणे ऐका.