शब्दचर्चा : कृत्रिम गुडघा ‘सरकतो’ की ‘विस्थापित होतो’?

भाषांतरकार : एका लेखात ‘मायग्रेशन’ या शब्दापाशी अडले आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी हाडात आणि कृत्रिम गुडघ्याच्या प्लास्टिकमध्ये टँटलम धातूचे जेमतेम मिलिमीटरभर व्यासाचे मणी बसवतात, पुढे दोन दिशांनी एकाच क्षणी क्ष-किरण चित्रे घेतात आणि मण्यांच्या जागांवरून कृत्रिम भाग हाडाच्या तुलनेत किती ढळला, हे मिलिमीटरच्या दशांशापर्यंत काढतात. मी ‘स्थलांतर’ लिहिले होते. संपादकांनी ते खोडून ‘विस्थापन’ केले. योग्य काय?

निरुक्तप्रेमी : ‘विस्थापन’च. भौतिकशास्त्रात तो शब्द रूढ आहे. स्थलांतर पक्षी करतात. शिवाय मणी म्हटले की आरपार भोक आलेच. यांना ‘गोळ्या’ म्हणावे.

अस्थिवैद्य : ‘विस्थापन’ वाचून रुग्णाला सांधा निखळल्यासारखे वाटेल. आम्ही सरळ ‘सरकला’ म्हणतो आणि खाली रुतला असेल तर ‘खचला’. सुरुवातीच्या महिन्यांत थोडे सरकून तो भाग स्थिरावतो, त्याची फारशी चिंता नसते. मात्र पहिल्या आणि दुसऱ्या वर्षांच्या दरम्यानही तो ०.२ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला, तर पुढे सैल होण्याचा धोका अधिक धरतात.

भाषांतरकार : याच लेखात आडवे झोपवून एक चित्र आणि पायावर भार देऊन दुसरे, असाही प्रकार आहे. भार काढला की तो भाग परत येतो. त्यालाही ‘सरकणे’च म्हणायचे?

अस्थिवैद्य : नाही, ते ‘हलणे’. दात हलतो आणि जागेवर येतो. सरकवलेले कपाट आपणहून परत येत नाही.

निरुक्तप्रेमी : बोलीतले शब्द शास्त्रीय लेखनात आणले, तर परिभाषा कधीच उभी राहणार नाही.

मोजणीदार : स्वीडनमधल्या लुंडच्या सेल्विक यांनी १९७४ साली मण्यांची ही मोजणीपद्धत मांडली, तेव्हापासून खरा पेच ‘अचूक’ या शब्दाचा आहे, कारण तो दोन वेगळ्या गुणांना लावला जातो. प्रतिकृतीतला भाग ठाऊक असलेल्या अंतराने सरकवून मोजमाप पडताळता येते, ती अचूकता. रुग्णाच्या बाबतीत खरे उत्तर ठाऊकच नसते, म्हणून त्याच दिवशी त्याला उठवून, पुन्हा झोपवून दुसऱ्यांदा चित्रे घेतात. दोहोंतला फरक शून्य यायला हवा, आणि जो येतो तो मोजणीचा विस्कळीतपणा. या दुसऱ्या गुणाला मी ‘नेमकेपणा’ म्हणतो, कारण ‘नेम’ हा ‘नियम’पासून आला आहे. जो नेमाने तेच उत्तर देतो, तो नेमका.

भाषांतरकार : माझा प्रश्न ‘सरकणे’विषयी होता.

निरुक्तप्रेमी : ‘नियम’चा ‘नेम’ झाला, हे मान्य, पण ‘नेमका तेव्हाच पाऊस आला’ यात कोणता नियम दिसतो, ते मोजणीदारांनी सांगावे.