मेटल मिनिएचरचे वाकलेले भाले आणि संगिनी सरळ कशा करायच्या?

किल्ला_१८१८ (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार मंडळी, मिनिएचर म्हणजे टेबलावर लढाई मांडायच्या छोट्या सैनिकांचा एक जुना लॉट हाताला लागलाय, २८ एमएम उंचीचे, सगळे मेटलचे, मराठा पायदळ, थोडे घोडेस्वार आणि कंपनीचे सिपाई. १८१८ ला इंग्रजांच्या थॉमस मन्रोनं आपल्या बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला होता तो टेबलावर मांडायचा असं डोक्यात आहे, थर्माकोलचा तट आणि खंदक करायला घेतलाय सुद्धा, दिवाळीत पोरं माती कालवून किल्ले करतात मग आपण मोठ्यांनीच का गप्प बसायचं. पण पाठवणाऱ्यानं सगळे एकाच डब्यात नुसते कागदात गुंडाळून कोंबलेत, त्यामुळं भाले पार वाकडे झालेत, सिपायांच्या संगिनी कुणाची डावीकडं कुणाची उजवीकडं, एका घोड्याचा पाय घोट्यातनं आत गेलाय आणि तलवारींचं तर बोलायलाच नको. एक भाला बोटानं हळूच दाबून बघितला तर आतनं चर्र असा आवाज आला, घाबरून सोडून दिला. तुटायला लागलंय का ते? एका व्हिडिओत गरम पाण्यात बुडवा म्हणून सांगितलंय, त्यात किती तथ्य? थोड्यांवर रंग आहे, बाकी कोरेच आहेत. कुणी केलंय काय असलं काम, सांगा की वो.

सराफकट्टा (शहापूर)

आवाजाला घाबरू नका वो. कथील वाकवलं की ते ओरडतंच, आतल्या स्फटिकांची मांडणी झटक्यात बदलते त्याचा तो आवाज. उलट चांगलंच झालं, मालात कथील भरपूर आहे हे कळलं. शिसं जास्त असेल तर ते गुपचूप वाकतं, नखानं सुद्धा ओरखडा पडतो आणि पांढऱ्या कागदावर घासलं तर करडी रेघ उठते. जुने मिनिएचर शिसं-कथलाचे असायचे, नव्वदच्या दशकात बऱ्याच कंपन्यांनी शिसं सोडून कथलात थोडं अँटिमनी आणि तांबं घालायला सुरुवात केली. हा माल जरा कडक, त्यामुळं आकार धरून राहतो खरा पण मागंपुढं केलेलं त्याला अजिबात सोसत नाही. म्हणून आधी कुठला माल आहे ते एकेक करून बघा, लॉट जुना म्हणताय तर मिसळ असणार.

आता वाकवायचं कसं. आमचं घरच सोनारीचं, तारेचं काम रोजचं, तेच इथं चालतं. पक्कड घ्यायची ती चपट्या गुळगुळीत तोंडाची, दातेवाली घेतलीत तर भाल्यावर दातांचे ठसे उमटतील आणि ते नंतर कानशीनं सुद्धा जात नाहीत. गुळगुळीत असली तरी तोंडाला मास्किंग टेप नाहीतर चामड्याचा तुकडा लावा. डाव्या हाताच्या चिमटीत भाल्याचा मुठीजवळचा भाग घट्ट धरायचा, म्हणजे जोर मनगटावर जायला नको, मिनिएचर तुटतं ते बहुतेक तिथंच, भाला राहतो बाजूला आणि हातच निखळून येतो. मग वाकाच्या मुळापासनं सुरू करून थोडं थोडं टोकाकडं सरकत जायचं. जिथं वाक आहे तिथंच जोर लावायचा, टोक धरून ओढलं तर पहिला वाक तसाच राहतो आणि शेजारी दुसरा तयार होतो, मग भाल्याची नागमोडी होते. आणि एका दमात सरळ करायचं, जरा जास्त गेलं म्हणून परत, परत कमी झालं म्हणून पुन्हा, असं केलं की बारीक तडा गेलाच म्हणून समजा.

तलवारीला पक्कड नकोच. काचेचा जाड तुकडा किंवा फरशी घ्या, त्यावर पातं आडवं ठेवा, वरनं लाकडाची पट्टी ठेवून अंगठ्यानं दाबा. लाटा असतील त्या बसतात. हातोडी मारू नका, पातं पातळ होऊन लांब होतं.

निपाणीकर_मावळा

लायटरनं जरा शेकवा की मर्दा, मऊ पडतंय आणि मग हातानं सुद्धा सरळ होतंय. मी प्लास्टिकचं असंच करतो.

उद्यमबाग_फिटर

लायटर?? नको रे बाबा. शुद्ध कथील २३२ डिग्रीला वितळतं, शिसं ३२७ ला, पण दोन्ही मिसळले की त्यापेक्षा खाली येतं, आपलं सोल्डरचं ६३-३७ वालं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ लाच पाणी होतं. लायटरच्या ज्योतीत संगीन धरलीस की ती वाकायच्या आधी थेंब होऊन खाली पडेल. शिवाय कथील २०० च्या आसपास मऊ न होता ठिसूळ होतं, म्हणजे वितळलं नाही तरी मोडतंय. सोल्डरिंग गन पण तशीच, ३०० च्या वर असते ती.

गरम पाण्याचं म्हणाल तर ती युक्ती मूळची रेझिनची, म्हणजे प्लास्टिकसारख्या ओतीव मालाची. २०११ मध्ये गेम्स वर्कशॉप कंपनीचे फाइनकास्ट नावाचे रेझिनचे मिनिएचर आले तेव्हापासनं सगळे व्हिडिओवाले तेच सांगायलेत, रेझिन गरम पाण्यात रबरासारखं होतं आणि थंड पाण्यात घातलं की तसंच राहतं. मेटलला उकळतं पाणी लावलं तर थोडंसं मऊ पडतं, खोटं नाही, पण फरक जेमतेम. थंडीत सकाळी काम करायला बसणार असाल तर हेअर ड्रायरनं जरा ऊब द्या, तेवढं पुरे. रंग असेल तर पाण्यात नको, आधीच वाकलेल्या जागी रंग तडकलेला असतो, आत पाणी जाऊन पापुद्रे सुटतात.

आता माझं खरं मत सांगतो आणि सराफकट्टा साहेबांना ते पटणार नाही बहुतेक. भाले सरळ करायच्या भानगडीत पडूच नका. आज तासभर बसून सरळ कराल, उद्या खेळताना कुणाची बाही लागली की परत वाकडा, दोन-तीनदा झालं की तुटणारच. कापून टाका आणि पितळी तार बसवा. ०.८ एमएमची तार २८ एमएमच्या मापाला बरोबर दिसते, जाडी हिशोबानं खऱ्यातली साडेचार सेंटीमीटर येते, भाल्याच्या काठीला ठीक. लांबी नऊ फुटी भाल्याला पाच सेंटीमीटरच्या आत-बाहेर ठेवा.

मुठीत भोक पाडायला पिन व्हाइस (बोटांनी फिरवायचं छोटं हातड्रिल) आणि ०.८ चं ड्रिल. आधी सुईच्या टोकानं खड्डा करून घ्या नाहीतर ड्रिल घसरून तुमच्या बोटात जाईल. हळू फिरवायचं, दर दोन-चार वेढ्यांनी बाहेर काढून पुसायचं, कारण हा माल मऊ असतो, खाचेत भरून बसतो आणि मग ड्रिल आतच तुटतं. तेलाचा एक थेंब टाका. मशीनचं ड्रिल वापरू नका, आमच्याकडं उद्यमबागेत ट्रेनी पोरं पण तेच करायला जातात.

सराफकट्टा (शहापूर)

पटलं की वो, का नाही पटणार. भाल्याला तार, मान्य. पण तलवार आणि मूर्तीचे हात-पाय कापायला जाऊ नका, तिथं सरळ करणंच बरं, त्यावर नक्षी असते ती तारेला कुठनं आणणार.

पितळी तारेचं टोक भाल्यासारखं करायचं असेल तर आधी तार गॅसवर तांबूस लाल करून गार होऊ द्या, पितळ असं केलं की मऊ पडतं. मग ऐरणीवर किंवा जाड लोखंडाच्या तुकड्यावर टोक हातोडीनं चपटं करायचं आणि कानशीनं पानाचा आकार द्यायचा. न तापवता मारलं तर कडा फाटतात. संगिनींना तर टाचणी बसवा, डोकं कापून, तिचं टोक आयतंच आहे. पण बोटं सांभाळा, टाचणीची संगीन खरीच टोचते.

खानापूर_जंगल

दोन गोष्टी राहिल्यात. एक, शिशाच्या मिनिएचरवर पांढरी पावडर आली असेल तर ते वाकवू नका, आतनं पोखरलेलं असतं, भुगा होऊन हातात येईल. लाकडाच्या किंवा एमडीएफच्या बंद कपाटात ठेवले की लाकडातनं ॲसिडची वाफ सुटते त्यानं होतंय ते. ती पावडर फुंकर मारून उडवायची पण नाही, ओल्या कापडानं पुसून कापड फेकून द्या. शिशाचा माल कोरडा घासायचाच नाही, कानस चालवायची तर पाणी लावून, आणि काम झालं की साबणानं हात, तोवर चहा-बिस्कीट लांब ठेवा. पोरं आसपास असतील तर जास्तच.

दुसरं, आमच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवेत नुसतं पाणी असतं, त्यात फेविक्विक लावलं की जोडाभोवती पांढरं धुकं धरतंय. जोड पक्का असतो पण दिसायला वंगाळ. भाल्याच्या भोकाला थेंब कमी टाका आणि पंखा चालू ठेवा. घोड्याच्या पायाला मात्र फेविक्विकवर भरवसा नको, सगळं वजन तिथं येतं, आत टाचणीची पिन घालून अराल्डाइट लावा, रात्रभर हात लावू नका. फट राहिली तर एम-सील भरून ओल्या बोटानं सारखं करा, महागडी पुट्टी मागवायची गरज नाही.

किल्ला_१८१८ (टिळकवाडी, बेळगाव)

मंडळी, लई उपकार झाले. कागदावर घासून बघितलं, घोडेस्वार सगळे शिशाचे निघाले आणि सिपाई कथलाचे. तलवारी फरशीवर दाबून बसल्या, एकीला मुठीजवळ केसाएवढा तडा दिसायलाय, तिथं काय करू? आणि भाले तारेचेच करणार, ठरलं.

उद्यमबाग_फिटर

तडा गेलेली आहे तशी सोडा, आता अजिबात हलवू नका. पातळ फेविक्विकचा बारीक थेंब सुईनं तड्यावर ठेवा, तो आपोआप आत ओढला जातो. तरी तुटलीच तर दोन्ही बाजूंना ०.५ चं भोक, आत तार. रंग लावताना त्या जागी आधी प्रायमरचा हात मारा, उघड्या मेटलवर ॲक्रिलिक धरत नाही, नखानं सुटून येतं. आणि घोड्याचा पाय सरळ केला की लगेच बेसवर चिकटवा, नुसता टेबलावर उभा केला तर परत वाकेल.