उबंटू २४.०४ बीटा आत्ताच टाकू का २५ तारखेपर्यंत थांबू? शिवाय इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाहीये

गच्चीवरचा_गडी
नमस्कार मंडळी, ११ एप्रिल २०२४ ला उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) २४.०४ ची बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, आली ती त्याच रात्री उतरवली, रुफस नावाच्या टूलने पेनड्राइव्ह बनवला, ट्राय मोडमध्ये (न टाकता नुसतं चालवून बघताना) सगळं झकास चालतंय, वायफाय लागलं, आवाज आला, टचपॅड तर विंडोजपेक्षा बरा चाललाय. पण इन्स्टॉलला गेलो की आरएसटी (डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत) बंद करा म्हणतो आणि डिस्कच दाखवत नाही. लॅपटॉप २०२० चा आहे, आय५ दहावी जनरेशन, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी, वर विंडोज १०. विंडोज उडवायचं नाहीये कारण बायकोच्या क्लासच्या फीचा सगळा हिशोब त्यातच आहे. एका व्हिडिओत बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन त्याऐवजी एएचसीआय ही दुसरी पद्धत करा म्हणतायत, करू का? आणि आत्ता बीटा टाकली तर २५ ला फायनल आल्यावर परत पहिल्यापासून सगळं टाकावं लागेल का?

सुडो_काका
थांब रे बाबा, बायोसला हात लावू नकोस अजून! नुसतं एएचसीआय केलंस तर पुढच्या वेळी विंडोज निळा स्क्रीन दाखवून बसेल आणि मग हिशोब कुठाय ते घरी तूच सांग.

आधी विंडोजमध्ये जा आणि बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघ. होम एडिशनलाही ते कधीकधी आपलं आपण चालू झालेलं असतं, लोकांना पत्ताच नसतो. चालू असेल तर बंद कर आणि ते पूर्ण उतरेपर्यंत थांब, शिवाय ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून वहीत लिहून ठेव, त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून नको. मग कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन म्हणून उघड आणि बीसीडीएडिट, स्लॅश सेट, सेफबूट, मिनिमल (मोबाईलवरून मराठीत लिहितोय, तिथे इंग्रजीतच टाक म्हणजे झालं). आता रीस्टार्ट, थेट बायोस, तिथे साटा मोड आरएसटीवरून एएचसीआय, सेव्ह. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि एएचसीआयचा ड्रायव्हर आपसूक उचलेल. मग बीसीडीएडिट, स्लॅश डिलीटव्हॅल्यू, सेफबूट, परत रीस्टार्ट. विंडोज नेहमीसारखं उघडलं की अर्धी लढाई जिंकलास.

फास्ट स्टार्टअपही बंद कर, नाहीतर विंडोज बंद झाल्यासारखं दाखवतं पण खरं झोपलेलं असतं आणि मग उबंटूला त्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही. जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून काढ, ४०-५० जीबी पुरे.

फायनलचं म्हणशील तर परत काही टाकायचं नाही. बीटावर सुडो एपीटी अपडेट आणि फुल-अपग्रेड (सगळी पॅकेजं नवी करायच्या कमांडा) करत राहिलास की २५ नंतर तुझ्याकडे आहे तीच फायनल. हा प्रश्न दर सहा महिन्यांनी येतो इथे.

पेनड्राइव्हवाली
काकांचं बरोबर आहे पण मी म्हणते एकच मशीन आणि त्यात दुसऱ्याचा हिशोब, तर थांबा ना दोन आठवडे. मी एकदा दुसऱ्या एका डिस्ट्रोची (लिनक्सच्या प्रकाराची) टेस्टिंग आवृत्ती मेन लॅपटॉपवर टाकली होती, रात्री झोपेत फुल-अपग्रेडला वाय दाबलं, काय काय काढणार त्याची यादी वाचलीच नाही, सकाळी बघते तर डेस्कटॉप गायब, नुसता काळा स्क्रीन आणि लॉगिन. चूक माझीच.

यावेळी तर टी६४ (६४ बिटी वेळ) चा घोळ पण आहे. २०३८ ला ३२ बिटी घड्याळ संपतं म्हणून वेळ ६४ बिटांत नेतायत, त्यात एआरएम प्रोसेसरच्या जुन्या ३२ बिटी मशीनसाठी बदललेल्या ढीगभर लायब्रऱ्यांची (प्रोग्रामांना लागणाऱ्या तयार पॅकेजांची) नावं सगळीकडेच बदलली. आवाजाची लिबअसाउंड२ टाकायला गेलात तर असं काही नाहीच म्हणतो, आता ते लिबअसाउंड२टी६४ झालंय. जुने ब्लॉग बघून कमांडा मारणाऱ्यांनो, जपून.

अर्धा_सेकंद
बीटा ४ एप्रिललाच यायची होती, आठवडाभर का लांबली माहितीये ना? एक्सझेडमुळे (फाइली दाबून लहान करणारं टूल). त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कोणीतरी मागचं दार, म्हणजे गुपचूप शिरायची वाट, ठेवलं होतं, आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या पोस्टग्रेस डेटाबेसवाल्याला एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून संशय आला आणि २९ मार्चला त्याने सगळं उघड केलं. अर्धा सेकंद हो! आमच्याकडे लॉगिनला दोन मिनिटं लागली तरी आम्ही चहा घेऊन येतो. उबंटूच्या मुख्य भांडारात ते पोचलं नव्हतं, प्रपोज्डमध्येच (चाचणीच्या भांडारात) होतं, तरी त्यांनी त्या काळात बनलेली सगळी पॅकेजं टाकून नव्याने बनवली. त्यामुळे त्या बाबतीत बीटाला घाबरायचं कारण नाही. प्रपोज्ड मात्र चालू करू नका. आणि आयएसओचा (उतरवलेल्या फाइलचा) शा२५६, म्हणजे फाइल अस्सल आहे का ते सांगणारा आकडा, जुळवून बघितला का? बघितला नसेल तर आधी ते.

गच्चीवरचा_गडी
शा जुळला. पेनड्राइव्हवाली ताई, रागावू नका, टाकलीच 😅 आधी बायकोच्या फाइली दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतल्या, मग काकांनी सांगितलं तस्संच केलं. एन्क्रिप्शन खरंच चालू होतं, मला माहीतच नव्हतं! की वहीत लिहिली (दुधाच्या हिशोबाच्या पानामागे). सेफ मोडवरून विंडोज उघडलं तेव्हा जीवात जीव आला. आता ग्रबमध्ये (सुरू होताना ओएस निवडायच्या यादीत) दोन्ही दिसतायत.

आता एकच, मराठी कसं लिहू? सेटिंगमध्ये कीबोर्डला मराठी घेतलं तर इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांची ठरलेली कीबोर्ड मांडणी) येतं, टाईप होतं पण दऱ्या लिहायला गेलो की दर्या होतं, डोंगराचा समुद्र झाला.

सुडो_काका
शाब्बास. र नाही, ऱ घ्यायचा. शिफ्ट धरून जे, मग डी ने पाय मोड, मग य. आणि रोमनमधून लिहायची सवय असेल तर आयबस-एम१७एन हे टायपिंगचं पॅकेज टाक, लॉगआउट करून परत ये, मग यादीत मराठीचे आणखी प्रकार दिसतील. बदलायला सुपर आणि स्पेस.

गच्चीवरचा_गडी
दऱ्या. वाऱ्यावर. सुऱ्या. झालं काका 🙏 हे इथलं उत्तर उबंटूवरूनच टाईप केलंय. घरात अजून सांगितलेलं नाही.