ऊसतोडीच्या कॉमिकमधला बैल बोलतो, मग गाडी कोण ओढतो?

कोयता_कागद
काल एका महाशयांनी फर्मावलं: "बीडमधल्या धारूरच्या ऊसतोड्यांवरचं ते जनावरांचं वेबकॉमिक म्हणजे दुःखाला शेपूट लावून गोंडस करणं. माणसं काढायची हिंमत नव्हती, म्हणून बैल काढले." खाली टाळ्याच टाळ्या. डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गोंडस कुठंय ते दाखवा. तोडणीला निघालेली बैल-गायीची जोडी, टोळी जमवणारा मुकादम लांडगा, कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणारा, बगळा. बगळा का? तो गुरांच्या पायाशी उडणाऱ्या किड्यांवर जगतो, त्यांच्या मागं मागं फिरतो, स्वतः कधी कष्टत नाही. हे सुचायला शिवार बघितलेलं लागतं.

आता दहावा भाग, उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतानाची चौकट. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून "एक कोयता". चित्रात दोन माना, एक जू, मानेच्या बाजूच्या खुंट्या म्हणजे शिवळा ठोकलेल्या, आणि बरोबर मधोमध वहीतला आकडा. संवाद शून्य. माणसाच्या मानेवर जू ठेवलं असतं तर ते निवडणुकीतलं व्यंगचित्र झालं असतं. बैलाच्या मानेवर ते रोजचंच, म्हणून नजर आधी सरकून पुढं जाते आणि मग परत येते. जनावरं घेतली ती याच्यासाठी.

वानेरा_उदगीर
जू झकास, वाद नाही. आता १४वा भाग उघडा. हाच बैल टायरगाडीवर बसून कासरा धरतो आणि गाडीला दोन बैल जुंपलेले. मुके. ते कोण, त्याचे चुलतभाऊ? सातव्यात लांडगा मटण खातो. कुणाचं? दुसऱ्या भागात तर शेळी अंगणवाडीत शिकवायला होती!

जनावरांचं कॉमिक करायचं तर पहिली रेघ ओढायच्या आधी वहीत तीन ओळी लिहाव्या लागतात: बोलतं कोण, खातं काय, ओढतं कोण. इथं एकही लिहिलेली नाही.

कोयता_कागद
पंचतंत्रातला संजीवक आठवतो का? व्यापाऱ्याची गाडी ओढता ओढता चिखलात रुतला, मालक सोडून गेला, पुढं सिंहाशी दोस्ती झाली. ओढणारा आणि बोलणारा एकच. तिथं कुणी वही मागितली नाही.

वानेरा_उदगीर
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत, आभारी आहे. संजीवक गाडी ओढतो, हाकत नाही. गाडीवर बसून दुसऱ्या संजीवकाला चाबूक मारत नाही. माणूस माणसाच्या जागी, जनावर जनावराच्या जागी, म्हणून ती गोष्ट उभी राहते.

टवाळ_बोकड
तुमचं ते तत्त्वज्ञान चालू द्या. मला एक सांगा, बैलाला वरचे पुढचे दात कधी फुटले? प्रत्येक चौकटीत बत्तिशी दाखवून हसतोय. गुरांना पुढं खालच्याच जबड्यात आठ दात, वर नुसती घट्ट हिरडी. दोन दाती, चार दाती, जुळलेला, असं वय ठरवायचं ते सगळं खालचा ओठ ओढून बघतात. हसवायचाच असेल तर नाकपुड्या फुगवा, कान मागं टाका, खालचा ओठ लोंबवा. लगेच बैल दिसतो.

आणि तोडणी! सरळ उभा राहून कमरेच्या उंचीवर कोयता मारतोय. ऊस बुडख्याला, जमिनीलगत तोडतात. साखर बुडख्यात जास्त, खुंट उंच राहिला की शेतकरी आणि कारखाना दोघंही बोंब मारतात. वाकून घाव, पाचट सोलणं, वाढं म्हणजे हिरवा शेंडा उडवणं, त्याच वाढ्यानं मोळी बांधणं, असा क्रम आहे. कॉमिकात मोळी सुतळीनं बांधलीय. सुतळी! फडात!

शिरोरेषा
अक्षरांबद्दल कुणी बोलणारच नाही का? संवादाच्या फुग्यांमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे. मराठी वळण बऱ्याच युनिकोड फाँटमध्ये आधीच असतं, मजकुराची भाषा मराठी निवडली की आपोआप येतं. "दुसऱ्या" तर सगळीकडं "दुसर्या" छापलंय. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशोबानं, त्यामुळं वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपट अंतर ठेवा. १०८० पिक्सेल रुंदीच्या पानावर ३६च्या खाली अक्षर नेऊ नका, मोबाइलवर वाचता येत नाही. एका फुग्यात वीसेक शब्द पुरे. दहाव्या भागाचं एवढं कौतुक चाललंय, त्यात शब्दच नाहीत, म्हणून तो बरा दिसतो!

वानेरा_उदगीर
अक्षरं राहू द्या, आधी अंगावरचे डाग बघा. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके म्हणजे आमच्या उदगीरकडच्या देवणी जातीतला शेवेरा प्रकार. धारूरचा नायक देवणी कसा? आणि तिसऱ्या भागात उजव्या खांद्यावरचा डाग नवव्यात डाव्या खांद्यावर, कोयताही डाव्या हातात. चित्र आडवं पलटवून परत वापरलंय, उघड आहे. पुढून, बाजूनं, मागून असा एक नमुना-कागद करून समोर चिकटवला असता तर ही नामुष्की टळली असती. डाग सांभाळायचे नव्हते तर लाल कंधारी जातीचा बैल घ्यायचा. एक रंग, एक बादली, काम संपलं.

कोयता_कागद
देवणी धारूरला का असू नये? हाळीच्या बाजारातून, माळेगावच्या जत्रेतून बैल कुठंही जातात.

वानेरा_उदगीर
म्हणजे नायकाला बाजारातून विकत आणला म्हणता?

कोयता_कागद
उचल घेतलेल्याला तसंच आणतात, दादा. लेखकानं मुद्दाम केलं असेल.

वानेरा_उदगीर
"असेल"! लेखकाची प्रत्येक चूक तुम्ही प्रतीक म्हणून खपवणार. मग त्याची बोली सांगा. "काय करलालास" (काय करतोयस) हे आमच्या उदगीर-देवणीकडचं. अंबाजोगाई-केजकडं "काय करायलास". आष्टी-पाटोद्याकडं तर बोली नगरकडं झुकते. हा गडी एका पानात तिन्ही बोलतो आणि वरच्या पट्टीतलं निवेदन सदाशिव पेठेत लिहिल्यासारखं.

मराठवाडी_म्हैस
"करलालास" नुसतं उदगीरचं नाही हो. नांदेडकडंही सर्रास बोलतात. बोलीचा सातबारा तुमच्या नावावर कधी झाला?

वानेरा_उदगीर
सातबारा नाही मागत. एका तोंडात एक बोली मागतोय.

मराठवाडी_म्हैस
तोडणीच्या टोळीत चार तालुक्यांचे लोक सहा महिने एकाच तळावर, कोपीला कोपी, म्हणजे झोपडीला झोपडी लागून राहतात. बोली मिसळणारच. प्रमाण मराठीवाले आपल्याला "शुद्ध बोला" म्हणतात तेव्हा राग येतो ना? तुम्ही तेच करलालात.

शिरोरेषा
बोली मिसळू द्या, पण "कर्लालास" आणि "करलालास" एकाच फुग्यात नको. एक लेखन ठरवून यादी करा, शंभरेक शब्द होतील.

वानेरा_उदगीर
मिसळते हे मान्य. पण मग ती टोळीत आल्यावर मिसळायला हवी. पहिल्या भागात तो घरीच आहे, तेव्हापासून मिसळलेली कशी?

मराठवाडी_म्हैस
...बरं. एवढं एक बरोबर आहे.

कोयता_कागद
दात मान्य. सुतळीसुद्धा मान्य, नाइलाजानं. गाडीचं मात्र मान्य नाही. उचलीत अडकलेला उद्या दुसऱ्याला हाकायला लागतो, टोळीतलाच एखादा पुढं मुकादम होतो. मुके बैल म्हणजे ते.

वानेरा_उदगीर
मग १४व्यात एक चौकट टाकायची, जुंपलेला बैल वळून याच्याकडं बघतोय अशी. एवढ्यानं झालं असतं. ती नाहीये. तुम्ही मनात काढलेल्या चौकटीचे मार्क लेखकाला देताय.

टवाळ_बोकड
भांडून झालं असेल तर पाचवा भाग मोठा करून बघा. बगळ्याच्या चोचीतही दात आहेत. वर-खाली दोन्हीकडं.