मदत हवी आहे : दगडखाण वाढणार आहे, जनसुनावणीत झऱ्याबद्दल काय विचारू?

रानजाई

नमस्कार मंडळी,

माझं माहेर शाहूवाडी तालुक्यात, चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या अंगाला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वरच्या डोंगरावर काळ्या दगडाची खाण आणि खडी क्रशर आहे. साडेचार हेक्टरची खाण आता साडेदहा हेक्टरची करायची आहे. जनसुनावणीची जाहिरात पेपरात आलीय आणि हातात 19 दिवस आहेत.

खाणीचा पर्यावरण परिणाम अहवाल ग्रामपंचायतीत जाऊन पाहिला. मूळ इंग्रजी जाडजूड, मराठी सारांश 14 पानांचा. धूळ मर्यादेत, आवाज मर्यादेत, प्रकल्पक्षेत्रात पाण्याचा स्रोत नाही. शेवटचं वाक्य खोटं म्हणता येत नाही, कारण झरा खाणीच्या हद्दीत नाहीच, तिच्या खालच्या उतारावर आहे. नळाची टाकी आहे, पण मार्च उलटला की वाडीतली 48 घरं झऱ्यावरच येतात.

मी आंधळा विरोध करत नाहीये. चुलतभावाचा डंपर याच खाणीवर चालतो, हप्ते फिटायचेत. आमच्या घराच्या स्लॅबची खडीही तिथलीच. पण खाणवाल्यांकडे आकडे आहेत आणि आमच्याकडे "पूर्वी पाणी जास्त यायचं" एवढंच. झऱ्याचा आणि खाणीचा संबंध कसा दाखवायचा? आणि रात्री गवे उतरतात, झाडांवर शेकरू आहेत, त्यांचं कुणी विचारात घेतं का?

जुना भूजलवाला

ताई, आधी एक सांगा. झऱ्याच्या तोंडाखाली, कापलेल्या कड्यात कुठे गेरूसारखा लाल पट्टा दिसतो का?

आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर. काळा पाषाण घट्ट असतो, त्यात पाणी फक्त भेगांतून उतरतं. खाली मांजऱ्या खडक (बारीक छिद्रांचा, मऊसर) असेल तर तो पाणी साठवतो. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल चिकणमातीचा पट्टा असतो. तो पाण्याला खाली जाऊ देत नाही, मग पाणी आडवं सरकत उतारावर बाहेर पडतं. तोच तुमचा झरा. खाण त्या पट्ट्याच्या वर थांबली, तरी पाणी मुरणारा माथा कमी होतो. पट्टा फोडून खाली गेली, तर पाणी खाणीच्या खड्ड्यात येतं, पंप लावून बाहेर फेकलं जातं आणि झरा आटतो. म्हणून नुसतं "पाण्यावर परिणाम होईल का" विचारू नका, "नाही" असं उत्तर मिळेल. विचारा, खाणीच्या तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची किती आणि झऱ्याच्या तोंडाची किती? अहवालात दोन्ही एकाच नकाशावर आहेत का?

डंपरमामा

सगळ्यांना रस्ते पाहिजेत, घरं पाहिजेत आणि खाण मात्र दुसऱ्याच्या डोंगरावर. इथली बंद पडली तर खडी लांबून येईल, डिझेल जास्त जळेल. तेपण धरा हिशोबात.

रानजाई

मामा, मुद्दा मान्य. तो मी सुनावणीतही मांडणार आहे, गंमत नाही करत.

काका, लाल पट्टा आहे! लहानपणी आम्ही त्या मातीने भिंतींवर चित्रं काढायचो. झरा त्याच्याच वर, हातभरावर. मे महिन्यात 15 लिटरची बादली भरायला दीड मिनिट लागत होतं, एवढी एकच नोंद आहे.

जुना भूजलवाला

एक का असेना, सोन्यासारखी नोंद आहे. म्हणजे मिनिटाला 10 लिटर, दिवसाला 14,400. माणशी 55 लिटरच्या सरकारी हिशोबाने हे 260 माणसांचं पाणी झालं. सुनावणीत हा आकडा सांगा, "स्रोत नाही"समोर तो बरा दिसेल. आता दर आठवड्याला त्याच बादलीने मोजा, तारीख-वेळ टाकून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन.

कागदकीडा

कागदाचं माझ्याकडून.

सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2023 च्या निकालानुसार राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या आत, तसंच हद्दीपासून 1 किलोमीटरपर्यंत खाणकामाला परवानगी नाही. त्यामुळे पहिला प्रश्न अंतराचा. 'परिवेश' या पर्यावरण मंजुरीच्या सरकारी संकेतस्थळावर प्रस्तावाबरोबर खाणीच्या सीमेची फाइल असते, ती गूगल अर्थवर उघडा आणि मोजा. रस्त्याने जाऊन नव्हे, सरळ रेषेत. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा जुलै 2024 चा मसुदाही बघा, यादीत गाव आहे का. त्यात खाणींवर पूर्ण बंदी सुचवलीय, पण मसुदा तो मसुदाच, त्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

शेजारी आणखी खाण आहे का? दोन खाणींच्या हद्दींत 500 मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर मंजुरीसाठी त्या एकत्र धरायच्या असतात. पाव्हण्यांच्या नावावर छोटे छोटे तुकडे करण्याची जुनी कला तुम्हाला ठाऊक असेलच.

धुळीच्या आकड्याला फसू नका. हवेतल्या बारीक धुळीची (पीएम 10, म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतचे कण) 24 तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे. मोजणी कुठे ठेवली, वारा कुठून होता, त्या दिवशी क्रशर चालू होता का, हे विचारा. सुरुंगाचे हादरे मोजलेत का, तेही विचारा. गावातल्या साध्या घरांसाठी कमी वारंवारतेच्या हादऱ्याला सेकंदाला 5 मिलिमीटर ही मर्यादा आहे.

प्राणी-वनस्पतींची यादी नीट वाचा. रत्नागिरीतल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातला मजकूर जसाच्या तसा सापडला होता. तुमच्या यादीत शेकरू आणि गवा नसतील आणि भलतंच काही असेल, तर ते पान सरळ वाचून दाखवा.

सगळं लेखी द्या, पोच घ्या. तोंडी बोललेलं इतिवृत्तात आलंय का तेही तपासा. मंजुरी मिळालीच तर हरित लवादात अपिलाला 30 दिवस असतात, पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे.

रानजाई

शेजारी खाण आहे. मालक वेगळा, पोकलेन मात्र एकच असतं, हे आत्ता लक्षात आलं! अंतर आज रात्री मोजते.

डंपरवाल्या भावाला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, खड्ड्यात पाणी गेल्या वर्षीच लागलं होतं, दोन दिवस पंप चालवला. हे तो सुनावणीत बोलेल असं वाटत नाही. त्याचं नाव न घेता हे कसं मांडता येईल?

जुना भूजलवाला

नाव घ्यायचंच नाही. पंप चालला का, किती दिवस चालला आणि पाणी कुठे सोडलं, हे लेखी विचारा. उत्तर त्यांनाच द्यायचंय. आणि लाल पट्ट्याचा फोटो टाका इथे, शेजारी मोजपट्टी ठेवून.