कारागीर टिकत नाहीत म्हणे! टिकावं असं ठेवलंय काय?

ओळंबा: 'बिलवाला' यांनी लिहिलंय, बांधकामाला चांगले मिस्त्री मिळत नाहीत कारण नव्या पोरांना ऊन नको, बसून पैसे हवेत. वाचून डोकं फिरलं. माझ्या मुलाचा हात चांगला होता. पण मुख्य ठेकेदाराचं बिल अडकलं की सबठेकेदार हात वर करतो, मग मुकादम, आणि मिस्त्रीने उचलीवर महिना काढायचा. पोरगं आता पार्सलं पोचवतं. ऊन तिथेही आहेच, पैसे मात्र वेळेवर जमा होतात.

बिलवाला: माझंही बिल अडकतंच की! वर क्लायंट रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, दाबून बसतो. एका पोराला शटरिंग (काँक्रीटचे साचे लावणं) शिकवलं, लेव्हल लावायला शिकवलं. शेजारच्या साइटने थोडे जास्त दिले, गेला. शिकवणारा मूर्ख ठरतो.

सळई: शिकवलं म्हणजे पाणी मारायला उभं केलं असणार.

बिलवाला: पाणी मारणं कमी समजू नका. हल्लीचे मिस्त्री क्युरिंगकडे, म्हणजे काम ओलं ठेवण्याकडे, बघतसुद्धा नाहीत, म्हणून प्लास्टरला भेगा पडतात.

ओळंबा: आता भेगाही आमच्याच नावावर? चौरस फुटावर ठेका द्यायचा आणि विटकाम सुकायच्या आत प्लास्टर मागायचं!

क्यूबटेस्ट: दोघंही अर्धवट बोलताय. माल फार तगडा (सिमेंट जास्त), वाळूत माती, एकाच थरात जाड लेप, कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर जाळी नाही. प्रत्येकाची भेग वेगळी दिसते. फोटो टाका, सांगतो.

बिलवाला: जाळी बीओक्यूत, म्हणजे ठेक्याच्या काम-मालाच्या यादीत, नसते हो!

ओळंबा: मग भेगेचा जाब बीओक्यूलाच विचारा.

क्यूबटेस्ट: काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी तपासतात. तोवर ते ओतणारा दुसऱ्याच साइटवर गेलेला असतो. आपलं काम कसं उतरलं हे त्याला कळतच नाही, तर हात सुधारणार कसा?

थोरली: चालू द्या तुमचं प्लास्टर. माझा भाऊ परांचीवरून पडला. कठडा नव्हता. जीव वाचला, पण घरातलं दुसरं कुणी त्या कामाला गेलं नाही, जाणारही नाही. बांधकामातल्या मृत्यूंमध्ये उंचावरून पडणं हे आघाडीचं कारण आहे, हे काय तुम्हाला ठाऊक नाही? आणि कोरडी फरशी कापताना उडणारी धूळ? सिलिकोसिस बरा होत नाही. कटरला पाण्याची नळी लावायला असा काय खर्च येतो? पोरं आळशी म्हणे!

बिलवाला: कठड्याचं मान्य, ताई. पण बेल्ट दिला तरी काढून ठेवतात, त्याचं काय करू?

सळई: दर पाच मिनिटांनी हुक काढा-घाला करत ठेक्याचा रोज सुटत नाही, म्हणून काढतात. हजेरीवर, म्हणजे दिवसाच्या पगारावर, घ्या, मग बघा.

बिलवाला: घेतो! पुढच्या स्लॅबचे सळई बांधणारे फिटर हजेरीवर, दर शनिवारी रोख. काम लांबलं तर फरक तुम्ही भरा.

सळई: भरतो. आधी कुठला शनिवार ते लिहून द्या.